रोजच्या लिखाणासाठी आपलं पेन कसं शोधावं

मी अनुवादाचं काम करते आणि पहिला खर्डा अजूनही हातानेच लिहिते. रोजची आठ-दहा पानं सहज होतात. पेन अडखळलं की वाक्य तुटतं, आणि पेन हाताला मानवणारं नसलं की संध्याकाळी अंगठ्याचं मूळ ठणकायला लागतं. दोन्हींचा पुरेसा अनुभव घेतल्यावर मी पेन शोधण्याची एक रीत बसवली. ओळखीतल्या बऱ्याच जणांना ती तोंडी सांगून झाली आहे, आता सविस्तर लिहिते.

रीत अशी की निवड नेहमीच्या उलट क्रमाने करायची. एरवी आपण आधी पेनाचं रूप बघतो, मग ते हातात धरतो, मग एखाद्या चिठोऱ्यावर दोन वेटोळी काढतो आणि घेऊन येतो. शाई कोणती, ती आपल्या वहीच्या कागदावर कशी वागते, तिसऱ्या पानावर हाताचं काय होतं, हे घरी आल्यावर कळतं. त्याऐवजी आधी आपलं लिखाण, मग कागद, मग शाई, मग टोक आणि सगळ्यात शेवटी पेनाची बॉडी, असं गेलं की पहिल्या तीन पायऱ्यांतच शंभरातली नव्वद पेनं आपोआप बाजूला पडतात.

१. आठवडाभर स्वतःचं लिखाण बघा

काहीही विकत घेण्याआधी, सध्या जे पेन वापरता त्यानेच आठवडाभर लिहा आणि वहीच्या मागच्या पानावर काही गोष्टी टिपून ठेवा. एका बैठकीत किती लिहिता? अर्धं पान की पाच पानं? बसून, उभ्याने, की उशीला टेकून? लिहिल्याबरोबर वही मिटता का? लिहिलेलं किती वर्षं टिकायला हवं? सह्या, अर्ज, नोंदवह्या यांचा भाग किती? यातल्या एकेका उत्तराने पुढची निवड बदलते. दिवसभरात वीस वेळा चार-चार शब्द टिपणाऱ्या माणसाला टोपणाचं पेन नको वाटतं. सलग दोन तास लिहिणाऱ्याला टोपण काढण्याचा काहीच त्रास नसतो.

मग हाताकडे बघा. पानभर लिहून झाल्यावर कागद उलटा करा आणि मागच्या बाजूवरून बोट फिरवा. अक्षरांचे उंचवटे बोटाला लागत असतील तर तुम्ही दाबून लिहिता. लिहिताना तर्जनीच्या नखाचा पुढचा भाग पांढरा पडतो का? मधल्या बोटाच्या पहिल्या पेराशी खळगा किंवा घट्टा आहे का? आणखी एक सोपी तपासणी म्हणजे लिहिता लिहिता थांबून दुसऱ्या हाताने पेन वर ओढून पाहायचं. ते सहज निसटलं तर पकड सैल आहे. ओढताना बोटंही सोबत येत असतील तर पकड घट्ट आहे, आणि बहुतेक वेळा तिचं कारण हातात नसून पेनात असतं. हे पुढे शाईच्या भागात येईलच.

डावखुऱ्यांनी आणखी एक नोंद करावी. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते, म्हणजे डावा हात ताज्या अक्षरांवरूनच पुढे सरकतो. हाताची कड निळी-काळी होते का, की तुम्ही मनगट ओळीच्या खाली ठेवून लिहिता? शाई किती वेगाने वाळायला हवी, हे यावरून ठरतं.

२. कागद आधी, पेन नंतर

पेन वाईट आहे अशी तक्रार मी जितक्या वेळा ऐकली आहे, त्यातल्या निम्म्या वेळा दोष कागदाचा निघाला आहे. कागद तयार करताना त्याला खळ दिलेली असते. ही खळ कागदाच्या तंतूंना शाई शोषू देत नाही, तिला पृष्ठभागावर धरून ठेवते. खळ कमी पडली की पाण्यासारखी पातळ शाई तंतूंच्या वाटेने पसरते. अक्षराला बारीक केस फुटल्यासारखे दिसतात. यालाच आपण शाई फुटणं म्हणतो. तीच शाई खोल उतरली की पानाच्या मागे उमटते आणि दुसरी बाजू वाया जाते.

वहीवर जीएसएमचा आकडा असतो. तो एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन सांगतो. जाड कागदात शाई आरपार जाण्याची शक्यता कमी, पण हा आकडा खळीबद्दल काही सांगत नाही. ६८ जीएसएमचा चांगली खळ दिलेला कागद शाईपेन छान झेलतो, आणि ८० जीएसएमचा कॉपिअरचा कागद तीच शाई फोडतो, असं मी अनेकदा पाहिलं आहे. म्हणून आकड्यावर न विसंबता करून पाहा. वहीच्या शेवटच्या पानावर शाईपेनाने किंवा रोलरबॉलने (पातळ शाईचं, गोळीच्या टोकाचं पेन) एक जाड टिंब द्या, टोक तीन सेकंद तिथेच टेकवून ठेवा आणि मग पान उलटा. टिंबाची कड स्वच्छ राहिली आणि मागे काही दिसलं नाही, तर त्या कागदावर कोणतंही पेन चालेल. कड फिसकटली तर बॉलपेन किंवा बारीक टोकाचं जेल पेन, एवढेच दोन मार्ग उरतात.

आता महत्त्वाचा प्रश्न, कागद तुमच्या हातात आहे का? मी माझी वही निवडू शकते. पण ज्याला छापील फॉर्म, दुसऱ्याच्या फायली, गुळगुळीत पावत्या, कार्बन प्रती यांवर लिहायचं असतं, त्याला येईल तो कागद स्वीकारावा लागतो. अशा माणसाने निमूट बॉलपेन धरावं. गुळगुळीत कागद पाणी शोषत नाही, म्हणून जेलची शाई त्यावर बराच वेळ ओली राहते आणि बोट लागलं की फासते. कार्बन प्रतीला तर दाब लागतोच.

३. शाई

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. पेनाचा स्वभाव म्हणजे त्यातली शाई.

बॉलपेनचा इतिहास थोडा माहीत असला की त्याचे गुणदोष आपोआप समजतात. लास्लो बिरो हा हंगेरीतला पत्रकार. छापखान्यातली शाई लगेच वाळते आणि डाग पडत नाही, हे त्याने पाहिलं होतं. तशी शाई पेनात वापरावी असं त्याच्या मनात आलं, पण ती इतकी दाट होती की निबेतून उतरेना. रसायनशास्त्र जाणणारा त्याचा भाऊ ग्यॉर्गी मदतीला होता. निबेच्या जागी खोबणीत फिरणारी छोटी गोळी आली आणि १९३८ साली पेटंट नोंदवलं गेलं. गोळीची कल्पना त्याआधीही होती. चामड्यावर खुणा करण्यासाठी जॉन लाउड याने १८८८ मध्येच तसं पेटंट घेतलं होतं. अडलं होतं ते शाईपाशी. पुढे १९५० च्या डिसेंबरात मार्सेल बिक याने बिक क्रिस्टल बाजारात आणलं. षटकोनी, पारदर्शक, कुणालाही परवडणारं. २००६ मध्ये त्या एका पेनाची विक्री १०० अब्जांवर पोहोचली.

तर, बॉलपेनची शाई तेलकट आणि दाट. म्हणून ती लगेच वाळते, कागदात उतरत नाही, उघडी राहिली तरी सहजी सुकत नाही आणि पुष्कळ चालते. एका रिफिलीत दोन ते तीन किलोमीटर रेघ निघते. पण त्याच दाटपणामुळे गोळी फिरवायला दाब द्यावा लागतो. आपल्यातल्या बहुतेकांची घट्ट पकड लहानपणी बॉलपेनने शिकवलेली आहे. दुसरा दोष म्हणजे गुठळी. गोळीच्या कडेला जास्तीची शाई जमत जाते आणि वळणावर दिशा बदलली की ठिपक्यासारखी कागदावर उतरते. आपल्या लिपीत वळणं पदोपदी आहेत, त्यामुळे वेलांटीच्या आणि उकाराच्या पोटात या गुठळ्या हमखास सापडतात.

गेल्या वीसेक वर्षांत तेलकट शाईतच पातळ प्रकार आला. मित्सुबिशी पेन्सिल कंपनीचं जेटस्ट्रीम हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. ही शाई बॉलपेनसारखी लगेच वाळते आणि दाब मात्र खूप कमी मागते. कुठलं पेन घेऊ असं मला कुणी विचारलं आणि बाकी काहीच सांगितलं नाही, तर मी याच जातीचं पेन सुचवते. कागद कसाही असो, हात कोणताही असो, ते फारसं कधी अडत नाही. रेघेत शाईपेनाची गडद खोली नसते, ही एक उणीव.

जेल पेन १९८४ साली जपानच्या साकुरा कंपनीने आणलं. जेलची गंमत अशी की स्थिर असताना ते घट्ट असतं आणि गोळी फिरायला लागली की त्या घर्षणाने पातळ होतं. म्हणून ते गळत नाही आणि तरीही हलक्या हाताने झरझर लिहितं. रेघ गडद, एकसारखी, रंग भरपूर. शाई पाण्याच्या पायावरची असल्याने वाळायला वेळ घेते, आणि एका रिफिलीतलं लिखाण बॉलपेनच्या मानाने फार लवकर संपतं. रोज दहा पानं लिहिणाऱ्याला हे जाणवतंच. जेलची शाई घेताना पिगमेंट शाई आहे का, हे बघून घ्या. पिगमेंट म्हणजे न विरघळणारे रंगकण. ते तंतूंमध्ये अडकून बसतात, त्यामुळे पाणी सांडलं तरी अक्षर राहतं. डाय म्हणजे विरघळलेला रंग, तो पाण्याबरोबर वाहून जातो.

रोलरबॉल हा तिसरा भाऊ. जपानच्या ओह्टो कंपनीने १९६३ मध्ये तो आणला. गोळी बॉलपेनची, शाई जवळपास शाईपेनासारखी पातळ. हाताला अतिशय हलका लागतो, पण कागदाची परीक्षा घेतो. टोपण उघडं राहिलं तर सुकतो आणि पातळ वहीत मागे उमटतो. चांगला कागद आणि संथ लिहिणारा हात असेल तरच याच्या वाटेला जावं.

शाईपेनाबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण दुपारनंतरचं माझं सगळं लिखाण त्यानेच होतं. शाईपेनात दाब लागतच नाही. निबेच्या मधल्या चिरेतून आणि तिच्याखालच्या जिभेच्या बारीक खाचांतून शाई केशाकर्षणाने खाली येते. निब कागदाला टेकली की कागदच शाई ओढून घेतो, तुम्ही फक्त हात फिरवायचा. लुइस वॉटरमनने १८८४ साली पेटंट घेतलं ते याच जिभेच्या सुधारणेसाठी, म्हणजे शाई जितकी बाहेर जाईल तितकीच हवा आत यावी आणि डाग पडू नये यासाठी. ज्यांचा अंगठा दुखतो, त्यांनी हे पेन महिनाभर तरी वापरून पाहावं. पहिल्या आठवड्यात सवयीने दाब दिला जातो आणि निब कुरकुरते. पेन थोडं आडवं धरलं, कागदाशी साधारण ४५ ते ५० अंशांचा कोन ठेवला की ती गप्प होते. बॉलपेनला याच्या उलट उभा कोन लागतो. फार आडवं धरलं तर गोळीऐवजी खोबणीची कड कागदाला घासते. म्हणजे तुमचा हात मुळातच पेन आडवं धरत असेल तर शाईपेन तुम्हाला लवकर मानवेल. बदल्यात ते निगा मागतं, कागद चांगला मागतं आणि घाईत टोपण काढायला लावतं.

आता खोडता येणाऱ्या शाईबद्दल. ही शाई खोडरबराने जात नाही, घर्षणाच्या उष्णतेने जाते. साधारण ६० अंश सेल्सिअसला ती रंगहीन होते. एकदा उन्हाळ्यात, अशा पेनाने भरलेली वही मी बंद गाडीत पुढच्या काचेखाली विसरले. दुपारी उघडली तर चाळीसेक पानं कोरी होती. उजेडात तिरकी धरली तेव्हा टोकाचे ओरखडे दिसत होते, शाई नव्हती. वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली आणि सकाळी अक्षरं परत आली होती, फिकट पण वाचता येणारी. उणे १० ते २० अंशांच्या आसपास हा रंग परततो. तेव्हापासून ती पेनं मी फक्त दिनदर्शिकेतल्या बदलणाऱ्या नोंदींसाठी ठेवली आहेत. सही, अर्ज, परीक्षा, जपून ठेवायचं काहीही, या शाईने लिहू नका.

कागदपत्रांसाठी रिफिलीवर आयएसओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक ठरवणाऱ्या संस्थेचा, क्रमांक शोधा. बॉलपेनसाठी १२७५७-२, रोलरबॉलसाठी १४१४५-२ आणि जेलसाठी २७६६८-२. प्रत्येकातला शेवटचा ‘-२’ महत्त्वाचा, तो दस्तऐवजी वापरासाठीचा भाग आहे. पाणी, उजेड, खाडाखोड, रसायनं यांना शाई किती तग धरते, हे त्यात तपासलेलं असतं.

४. टोकाचा आकडा

पेनावर ०.५, ०.७, १.० असं लिहिलेलं असतं. हा गोळीचा व्यास आहे, रेघेची जाडी नव्हे. गोळीचा थोडासाच भाग कागदाला टेकतो, म्हणून रेघ नेहमी आकड्याहून बारीक येते. १.० च्या बॉलपेनची रेघ अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. जेलची शाई सढळ उतरते, म्हणून तिथे ०.५ ची रेघ साधारण ०.३ च्या आसपास येते. थोडक्यात, बॉलपेनचा ०.७ आणि जेलचा ०.५ डोळ्यांना जवळपास सारखेच दिसतात. एका जातीतला आकडा दुसऱ्या जातीला लावून पेन घेतलं की फसगत होते.

देवनागरीसाठी टोकाची निवड रोमनपेक्षा थोडी वेगळी पडते. एकाच अक्षराच्या जागेत आपण जोडाक्षर, रफार, मात्रा, अनुस्वार सगळं बसवतो. रेघ जाड असली की ‘द्ध’ आणि ‘ज्ञ’ यांची पोटं बुजतात. त्यामुळे अक्षर लहान असेल तर जेलमध्ये ०.३८ किंवा ०.५, बॉलपेनमध्ये ०.५ किंवा ०.७ घ्या. अक्षर मोठं आणि मोकळं असेल तर एक पायरी जाड चालेल, उलट अक्षर उठून दिसेल. दाबून लिहिणाऱ्यांनी ०.३८ च्या वाटेला जाऊ नये. इतकं बारीक टोक दाबाखाली कागदात रुततं आणि खरखरतं. सुईसारखं लांब टोक पट्टीलगत रेघा मारायला छान, पण पडलं की लगेच वाकतं. शंकूसारखं टोक जास्त सोसतं.

शाईपेनाच्या निबेत जपानी ‘फाइन’ हा युरोपीय ‘फाइन’पेक्षा सहसा बारीक असतो, बऱ्याचदा युरोपीय ‘एक्स्ट्रा फाइन’च्या जवळ जाणारा. जोडाक्षरांसाठी मला जपानी फाइन बरा वाटतो. पण खरखरीत कागदावर तो टोचतो, तिथे मीडियमच घ्यावा.

५. हातात बसणं

इथपर्यंत आलात की शाई आणि टोक ठरलेलं असतं. आता ती रिफील कुठल्या बॉडीत घालायची, एवढंच उरतं.

जाडी पहिली. बारीक पेन धरायला बोटं जास्त आवळावी लागतात. साधं षटकोनी बॉलपेन आठ-साडेआठ मिलिमीटर जाड असतं. हात दुखत असेल तर दहा ते बारा मिलिमीटरचं पेन धरून बघा, फरक पहिल्या पानातच कळतो. हात लहान असेल तर एवढी जाडी नको. पकडीची जागा गुळगुळीत धातूची असेल तर घामाने बोटं घसरतात आणि आपण नकळत आवळायला लागतो. रबर किंवा खरखरीत प्लास्टिक बरं. लॅमी सफारीसारख्या तिकोनी पकडीच्या पेनात बोटांच्या जागा ठरलेल्या असतात. तुमची पकड तशी असेल तर ते अगदी मानवतं, वेगळी असेल तर त्या कडा बोटात रुततात. यात शिकण्याचा हट्ट धरू नका, सरळ दुसरं पेन घ्या.

वजन किती आहे यापेक्षा ते कुठे आहे, हे जास्त महत्त्वाचं. पेन तर्जनीवर आडवं तोलून बघा. ते टोकाच्या बाजूच्या अर्ध्यात तोललं तर लिहिताना स्थिर राहील. शेपटीकडे झुकलं तर लिहिताना ते मागे कलत राहतं आणि अंगठ्याला सतत सावरावं लागतं. टोपण मागे लावल्यावर हाच प्रकार होतो. जड धातूचं पेन सहीला दिमाखदार वाटतं, पण पाच पानांसाठी माझा कौल दहा ते वीस ग्रॅमच्या पेनाला आहे.

खटक्याचं पेन घेत असाल तर एक छोटी गोष्ट कानाने तपासा. खटका दाबून टोक बाहेर काढा आणि कागदावर भराभर टिंबं द्या. टोक खोबणीत हलत असेल तर बारीक ‘टक-टक’ ऐकू येते आणि बोटांनाही जाणवते. दुकानात ती क्षुल्लक वाटते. पण आपण प्रत्येक शब्दाला पेन उचलून शिरोरेघ मारतो, म्हणजे ही टकटक पानागणिक शेकडो वेळा होणार.

६. रिफील मिळते का?

आवडलेलं पेन तीन महिन्यांत निरुपयोगी होण्याचं मुख्य कारण, रिफील न मिळणं. म्हणून पेन उघडून आतली कांडी बघा. सगळ्यात सोयीची जात म्हणजे पार्कर जॉटरमध्ये बसते ती, सुमारे ९८ मिलिमीटर लांबीची धातूची किंवा प्लास्टिकची. आयएसओमध्ये तिचं नाव जी२. अनेक कंपन्या या मापात बॉलपेन आणि जेल दोन्ही शाया देतात, म्हणजे बॉडी तीच ठेवून स्वभाव बदलता येतो. इथे एक घोटाळा टाळा. पायलट कंपनीचं जी२ नावाचं प्रसिद्ध जेल पेन आहे, त्याची कांडी वेगळ्या मापाची असते आणि पार्करच्या पेनात बसत नाही. दुसरी सर्वमान्य जात डी१, म्हणजे ६७ मिलिमीटरची बारीक कांडी. ती अनेकरंगी पेनांत असते. तिच्यात शाई थोडी मावते, म्हणून मुख्य पेनासाठी ती नको.

उशीला टेकून किंवा भिंतीवर टेकवून लिहिणाऱ्यांना साध्या रिफिली दगा देतात, कारण गुरुत्वाकर्षण उलट चालतं आणि शाई गोळीपासून सुटते. त्यांच्यासाठी फिशर कंपनीची दाबाखाली नायट्रोजन भरलेली रिफील आहे. १९६८ मध्ये अपोलो ७ च्या अंतराळवीरांबरोबर ती गेली होती. आजारपणात अंथरुणावर लिहिताना तिचा फार उपयोग होतो.

७. परीक्षा

आता दोन किंवा तीनच पेनं घ्या, त्याहून जास्त नको. तुलना करता करता हात गोंधळतो. परीक्षा तुमच्याच वहीवर, तुमच्याच टेबलावर आणि थकलेल्या हाताने व्हायला हवी, म्हणून संध्याकाळी करा.

पहिल्यांदा प्रत्येक पेनाने हे शब्द तुमच्या नेहमीच्या वेगाने लिहा: उद्ध्वस्त, तज्ज्ञ, कर्तृत्व, ह्रस्व, क्षितिज, दीर्घ. पोटं बुजतात का, रफार सुटा दिसतो का, उकाराच्या वळणावर गुठळी येते का, हे बघा. मग प्रत्येक शब्दाचा पहिला फटका नीट न्याहाळा. पहिल्या अक्षराची सुरुवात फिकी किंवा तुटकी असेल तर पेन टेकल्याबरोबर शाई येत नाही. हा दोष सरावाने जात नाही.

दुसरी चाचणी वाळण्याची. एक शब्द लिहून लगेच, एक तीन सेकंदांनी आणि एक दहा सेकंदांनी बोटाने पुसा. दहाव्या सेकंदालाही फासत असेल तर डावखुऱ्यांनी आणि लगेच वही मिटणाऱ्यांनी ते पेन सोडावं. तिसरी, पाण्याचा एक थेंब, मिनिटभर ठेवून टिपून घ्यायचा. चौथी, पेन उघडं ठेवून दहा मिनिटं दुसरं काम करायचं आणि परत आल्यावर पहिल्या फटक्यात लिहितंय का बघायचं.

मग खरी परीक्षा, सलग तीन पानं. मजकूर कुठलाही चालेल, पण तो मनातून सुचलेला असावा. उतारा नकलताना आपण पेनाकडे लक्ष देतो, विचार लिहिताना देत नाही, आणि पेन कसं आहे ते लक्ष नसतानाच कळतं. तिसऱ्या पानाच्या शेवटी पहिलं आणि तिसरं पान शेजारी ठेवा. अक्षर आक्रसलं, ओळ चढायला किंवा उतरायला लागली, शिरोरेघा तुटल्या, तर हात पेनाशी झगडतोय. दोन्ही पानं सारखी दिसली आणि मधल्या बोटाला खळगा नसला, की ते पेन ठेवा. त्यानंतर पंधरा दिवस दुसरं कुठलंच पेन वापरू नका.

मिळाल्यावर

त्याच पेनाच्या तीन-चार रिफिली एकदम घेऊन ठेवा, पण साठा करू नका. जेलची शाई दोन-तीन वर्षांत कांडीतच दाटू लागते. जेल आणि रोलरबॉल आडवे किंवा टोक खाली करून ठेवावेत, शाईपेन मात्र निब वर करून. जेलच्या कांडीत शाईच्या मागे पारदर्शक ग्रीसचा थेंब दिसतो. तो शाईबरोबर खाली सरकतो आणि तिला मागून सुकू देत नाही, म्हणून तो पुसू नका. पेन टोकावर पडलं तर गोळीची खोबणी बिघडते, त्यावर इलाज नाही, रिफील बदला. सुकलेलं बॉलपेन काडीने तापवू नका. खोडरबरावर टोक हलकेच गोल फिरवलं की गोळी बहुधा सुटते. शाईपेन महिन्यातून एकदा साध्या पाण्याने, पाणी नितळ येईपर्यंत धुवा. गरम पाणी नको. चित्रकलेची जलरोधक काळी शाई त्यात चुकूनही भरू नका, तिच्यातली लाख जिभेच्या खाचांत कायमची बसते.

नवी रिफील घातली की मी तिच्यावर कागदाची बारीक पट्टी चिकटवून तारीख लिहिते. माझी जेलची ०.५ ची कांडी कामाच्या दिवसांत साधारण अकरा-बारा दिवस चालते. नवव्या दिवशी दुसरी दप्तरात टाकायची, हे आता न बघताही लक्षात राहतं.